व्हॉल्व्ह सीटवर नीट बसतो का? जुन्या गाडीच्या इंजिनाचे एक दुखणे, त्याचे निदान आणि दुरुस्ती

जुनी गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागते, सायलेन्सरच्या तोंडाशी एकसारख्या आवाजाऐवजी ठरावीक अंतराने एक ठोका चुकल्याचे ऐकू येते, आणि ज्या चढावर ती पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये सहज जात असे तिथे आता दुसरा गिअर टाकावा लागतो. प्लग बदलून होतात, कार्बोरेटर साफ होतो, पेट्रोलचा फिल्टर नवा येतो, तरी मिसिंग जात नाही. मग कोणीतरी म्हणते की व्हॉल्व्ह गेले असतील, हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवावे लागेल. आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण व्हॉल्व्ह ‘जातो’ म्हणजे नेमके काय होते, हेड न उतरवता ते कसे ओळखायचे, आणि उतरवलेच तर काय केले म्हणजे तेच दुखणे पुन्हा उद्भवणार नाही, हे समजून घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या ज्या गोल कडेला टेकून तो बंद होतो तिच्यावर, नीट बसतो की नाही.

बसण्याला इतके महत्त्व का

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला निदान दोन व्हॉल्व्ह असतात. इनलेट व्हॉल्व्ह हवा आणि इंधनाचे मिश्रण आत घेतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला वायू बाहेर सोडतो, आणि मधल्या दोन स्ट्रोकमध्ये, म्हणजे मिश्रण दाबले जाताना आणि ते पेटून पिस्टनला खाली ढकलताना, दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद राहावे लागतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा सीटवर येऊन बसतो.

आपण व्हॉल्व्हकडे केवळ दार म्हणून पाहतो, आणि तिथेच आपली समजूत अपुरी पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरून जाणारा वायू इतका तप्त असतो की इंजिन जोरात चालू असताना त्या व्हॉल्व्हच्या डोक्याचे तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. इनलेट व्हॉल्व्हला प्रत्येक फेरीत थंड मिश्रणाची आंघोळ मिळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला तशी कोणतीही सवलत नाही. त्याच्या डोक्यातली उष्णता बाहेर पडायला दोनच वाटा आहेत: थोडी उष्णता दांड्यातून वर चढून गाइडमध्ये, म्हणजे दांडा ज्या नळीतून सरकतो तिच्यात, जाते, आणि बरीच मोठी, साधारण तीन चतुर्थांश, व्हॉल्व्ह सीटला टेकलेला असताना सीटमधून हेडमध्ये व तिथून पाण्यात जाते. ढोबळमानाने बोलायचे तर आपल्या वेळेपैकी दोन तृतीयांश वेळ व्हॉल्व्ह सीटवर बसलेला असतो, आणि तोच त्याचा थंड होण्याचा वेळ असतो.

आता सीटवर एखाद्या ठिकाणी केसाएवढी फट राहिली असे समजा. त्या ठिकाणी व्हॉल्व्हची कड सीटला टेकत नाही, म्हणून तिथली उष्णता जात नाही. शिवाय स्फोटाच्या क्षणी धगधगता वायू त्याच फटीतून जोराने निसटतो आणि कडेला आणखी तापवतो. तापलेली कड मऊ पडते, झिजते, फट वाढते, वाढलेल्या फटीतून अधिक वायू निसटतो. अखेर व्हॉल्व्हच्या कडेचा एक तुकडा उंदराने भाकरी कुरतडावी तसा खाल्ला जातो. यालाच व्हॉल्व्ह जळणे म्हणतात. सुरुवातीला महिनोन्‌महिने हळू चालणारी ही क्रिया शेवटी झपाट्याने पुरी होते, त्यामुळे गाडी ‘अचानक’ बिघडली असे वाटते. खरे तर बिघाड फार आधी सुरू झालेला असतो.

टॅपेटचा आवाज आणि फसवी शांतता

व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये जाणूनबुजून एक बारीक मोकळी जागा ठेवलेली असते. इंजिन तापले की दांडा लांब होतो. ही जागा नसेल तर लांबलेला दांडा रॉकरला टेकून राहील आणि व्हॉल्व्ह सीटवरून किंचित उचललेलाच राहील. हे अंतर इंजिनानुसार बदलते, पण बहुतेक जुन्या इंजिनांत ते ०.१ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान असते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक तापत असल्यामुळे त्याला बहुधा इनलेटपेक्षा थोडे जास्त अंतर दिलेले असते. हे अंतर तपासून ठीक करण्यालाच आपण टॅपेट सेटिंग म्हणतो.

अंतर वाढले की वरच्या कव्हरखालून टिकटिक ऐकू येते. हा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या वेगाचा असतो. आवाजाने मालक अस्वस्थ होतो आणि टॅपेट आवळून घेतो. मात्र जास्त अंतराने होणारे नुकसान तुलनेने कमी असते: व्हॉल्व्ह थोडा उशिरा उघडतो, थोडा लवकर मिटतो, ताकद किंचित घटते, रॉकर आणि कॅमवर ठोके बसतात. कमी अंतराने मात्र व्हॉल्व्ह जळतो, आणि तोही आवाज न करता. माझे स्पष्ट मत असे आहे की जुन्या इंजिनात टॅपेटची हलकी, एकसारखी टिकटिक ही काळजीची बाब नसून, कालपर्यंत टिकटिकणारे इंजिन काहीही न करता आज शांत झाले असेल तर त्याची काळजी अधिक करावी. रॉकर आणि कॅम झिजले तर अंतर वाढते. पण सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकला तर अंतर आपोआप कमी होत जाते, आणि त्या घटीबरोबर आवाजही नाहीसा होतो.

ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात तिथे हे अंतर ऑइलच्या दाबाने आपोआप राखले जाते. त्यांत सुरू करताना काही क्षण आवाज येऊन थांबत असेल तर बहुधा टॅपेटमधले ऑइल उतरलेले असते. आवाज कायम राहत असेल तर आधी ऑइलची पातळी, त्याची प्रत आणि दाब तपासावा.

अंतर मोजायला फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच, लागतो. उत्पादकाने ते अंतर थंड इंजिनावर सांगितले आहे की गरम इंजिनावर, हे आधी पाहावे, कारण दोन्हींचे आकडे वेगळे असतात. मोजताना तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद असला पाहिजे. एका रांगेत आठ व्हॉल्व्ह असलेल्या अनेक जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनांत यासाठी बेरीज नऊची सोपी रीत चालते: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला मोजायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा मोजायचा, म्हणजे दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ येते. पाते किंचित अडखळत पण न अडकता सरकले पाहिजे. रॉकरच्या टोकाला खळगा पडला असेल तर सपाट पाते त्या खळग्यावर पुलासारखे राहते आणि खरे अंतर मोजलेल्यापेक्षा जास्त भरते. अशा रॉकरवर कितीही वेळा सेटिंग केले तरी टिकटिक राहणार.

प्रत्येक तपासणीला सापडलेले अंतर एका वहीत लिहून ठेवावे, आणि ते दुरुस्त करण्यापूर्वीचे लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एकाच आकड्यावरून काही कळत नाही. पण एखाद्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे अंतर प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी सापडत असेल, तर ती सीट झिजते आहे हे कोणतेही उपकरण न लावता कळते.

शिसे गेले आणि सीट उघडी पडली

सीट अशी झिजण्यामागे जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक ऐतिहासिक कारण आहे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळले की इंजिनाचे नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी खटखट, थांबते. पुढची कित्येक दशके जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसे होते. त्याचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला की जळलेल्या शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये साचत राहिला, आणि तो तिथे वंगणासारखे काम करू लागला. म्हणून त्या काळच्या अनेक इंजिनांत सीटसाठी वेगळी कठीण कडी न बसवता बिडाच्या हेडमध्येच सीट कापलेली असे, आणि ते चालूनही जाई.

शिसे माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे, त्यामुळे ते पेट्रोलमधून काढणे अत्यंत योग्यच होते; एकेका देशाने ते बंद केले, आणि २०२१ साली अल्जीरियातली विक्री थांबल्यावर मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपले. पण त्याबरोबर संरक्षक थरही गेला. मऊ बिडाच्या सीटवर तापलेला व्हॉल्व्ह आपटतो तेव्हा दोन्ही धातूंचे सूक्ष्म कण क्षणभर एकमेकांना चिकटतात आणि व्हॉल्व्ह उचलला जाताना सीटचे कण उपटून निघतात. सावकाश चालवलेल्या गाडीत हा वेग फार कमी असतो. सतत जास्त वेगाने किंवा जड भार घेऊन चालवलेल्या गाडीत तो बराच वाढतो. यावरचा पक्का उपाय म्हणजे एक्झॉस्टच्या जागी कठीण धातूच्या सीट-रिंगा बसवणे. केवळ या भीतीपोटी चांगले चालणारे इंजिन उघडू नये. वहीतले अंतर स्थिर असेल तोवर वाट पाहावी, आणि इतर कारणाने हेड उतरेल तेव्हा हे काम करून घ्यावे.

निदान: हेड उतरवण्याआधी

आयडलिंगला मिसिंग म्हणजे व्हॉल्व्हच, असे धरून चालू नये. तीच लक्षणे खराब प्लग, तडकलेली हाय टेन्शन वायर, इनलेट मॅनिफोल्डमधली हवेची गळती किंवा पातळ मिश्रण यांमुळेही दिसतात. प्रथम कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधावे. एकेका सिलिंडरचा स्पार्क आळीपाळीने बंद केला असता ज्याचा बंद केल्याने इंजिनाच्या चालीत फरकच पडत नाही तो सिलिंडर दोषी असतो. हे करताना इन्सुलेशनची पकड वापरावी आणि काढलेली वायर मोकळी न सोडता इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावी, नाहीतर झटका बसेलच, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे नुकसानही होऊ शकते. त्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्या सिलिंडरमध्ये घालून पाहावा. दोष प्लगबरोबर न सरकता जागीच राहिला तर पुढे जावे.

पुढची पायरी टॅपेटचे अंतर. कित्येकदा निदान इथेच संपते: अंतर शून्य झालेले असते, ते योग्य केल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचा जोर, परत येते आणि व्हॉल्व्ह अजून जळलेला नसेल तर हेडला हात लावावा लागत नाही.

तरीही दोष राहिला तर कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन गरम असावे, सगळे प्लग काढलेले असावेत, इग्निशन आणि इंधन बंद केलेले असावे, बॅटरी भरलेली असावी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरलेला असावा. ही शेवटची अट अनेकजण विसरतात आणि मग हवा आतच न आल्यामुळे सगळेच आकडे कमी दिसतात. प्रत्येक सिलिंडरला सारखेच, साधारण पाच-सहा, कॉम्प्रेशन स्ट्रोक द्यावेत. निरोगी पेट्रोल इंजिनात हा दाब बहुधा १३० ते १९० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) दरम्यान येतो, पण नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. सगळे १४० असतील तर ते थकलेले पण समतोल इंजिन आहे. तीन १६० आणि एक ९० असेल तर त्या एकात काहीतरी निश्चित बिघडले आहे.

मग त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या छिद्रातून चहाच्या चमच्याएवढे इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. ऑइल पिस्टनच्या कडेने पसरून त्याच्यावरच्या रिंगांची गळती काही वेळ बुजवते, पण व्हॉल्व्हपर्यंत ते पोचत नाही. दाब स्पष्ट वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. जेमतेम हलला तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्रच खाली असतील तर त्या दोघांच्या मधले हेड गॅस्केट फुटले असण्याची शक्यता मोठी. टायमिंग बेल्ट तुटल्यावर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरत असेल आणि अनेक सिलिंडरांत दाब जवळजवळ शून्य असेल, तर पिस्टनने व्हॉल्व्हवर आदळून त्यांना वाकवलेले असते; अशा इंजिनावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये.

मला स्वतःला या सगळ्या चाचण्यांपेक्षा लीक-डाउन चाचणी जास्त विश्वासाची वाटते, कारण ती दोष आहे एवढेच न सांगता तो कुठे आहे हे कानाला सांगते. दोषी सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला आणायचा. पिस्टन एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही वर येतो, पण तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात, म्हणून दोन्ही रॉकर सैल आहेत याची खात्री करून घ्यावी. मग प्लगच्या छिद्रातून दाबाखालची हवा सोडायची आणि ऐकायचे. कार्बोरेटरच्या तोंडातून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो. सायलेन्सरच्या टोकाशी आली तर एक्झॉस्ट. ऑइल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा तडकलेले हेड. रिंगांकडून थोडी हवा निरोगी इंजिनातही जाते, त्यामुळे मीटरवर १० टक्क्यांपर्यंतची गळती दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. व्हॉल्व्हकडून मात्र स्पष्ट ऐकू येईल इतकी हवा येणे मान्य करता येत नाही. हवा सोडताच पिस्टन जोराने खाली ढकलला जाऊन क्रँकशाफ्ट फिरू शकतो, म्हणून पुलीच्या बोल्टवर पाना लावून तिथेच हात ठेवू नये.

या चाचणीत व्हॉल्व्ह गळताना आढळला तरी एक शेवटची संधी त्याला द्यावी. कधीकधी कार्बनचा एखादा कण सीट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलेला असतो. हवा चालू असताना दांड्याच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकी टिचकी मारली की व्हॉल्व्ह क्षणभर उघडून मिटतो, आणि कण उडून गेला तर फुसफुस थांबते. थांबली नाही, तर हेड उतरवण्याला पर्याय उरत नाही.

निळ्या धुराचे वेगळे प्रकरण

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धुराचा एक झोत येऊन तो विरत असेल, किंवा उतारावर बराच वेळ ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताच मागे निळा धूर दिसत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी सीलमध्ये किंवा गाइडमध्ये असतो. रात्रभर उभ्या इंजिनात वरचे ऑइल गाइडमधून थेंबाथेंबाने खाली उतरते. उतारावर इनलेटमध्ये जोराची पोकळी तयार होऊन ती ऑइल खेचून घेते. रिंगा झिजल्या असतील तर धूर बहुधा भाराखाली, वेग घेताना सतत दिसतो.

वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सील कडक होऊन तडकतात, आणि ते बदलण्यासाठी पुष्कळ इंजिनांत हेड उतरवावे लागत नाही. स्प्रिंग काढताना व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून सिलिंडर हवेच्या दाबाखाली ठेवतात. ती सोय नसेल तर जुन्या कारागिरांची रीत उत्तम आहे: पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या छिद्रातून स्वच्छ, धागे न सुटणारी दोरी आत सरकवायची, तिचे टोक बाहेर ठेवायचे, आणि क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा, म्हणजे दोरीची गादी व्हॉल्व्हना खालून आधार देते. मात्र गाइडच झिजले असेल आणि दांडा त्यात डुलत असेल, तर नवे सील फार काळ टिकणार नाही.

हेड उतरल्यावर

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच बोल्ट सैल करावेत, आणि ते आवळण्याच्या उलट क्रमाने, म्हणजे दोन्ही टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे करून. गरम हेड घाईने सोडवले तर ते वाकते. पुठ्ठ्यात छिद्रे पाडून प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग आणि ती धरून ठेवणारे लॉक आपापल्या क्रमांकासह ठेवावेत. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्याच गाइडशी आणि सीटशी जुळून झिजलेला असतो. दाबलेली स्प्रिंग निसटली तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून चष्मा घालावा. दांड्याच्या टोकाला लॉकच्या खाचेजवळ कंगोरा उठला असेल तर तो आधी कानसीने साफ करावा, नाहीतर व्हॉल्व्ह ओढून काढताना तो गाइड आतून खरवडत जातो.

आता पाहण्याच्या गोष्टी. व्हॉल्व्हची कड कुठे खाल्ली गेली आहे का, सीटला टेकणाऱ्या पट्ट्यावर खड्डे किंवा वायू निसटल्याच्या तिरप्या काळ्या रेघा आहेत का, दांडा सपाट पृष्ठावर गडगडवला असता डोके डोलते का, दांड्याची जाडी मायक्रोमीटरने वर-खाली सारखी भरते का. तिरप्या पट्ट्याच्या खालची उभी कड साधारण १ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली असेल तर तो व्हॉल्व्ह घासून वापरू नये. पातळ कड लवकर तापते आणि लवकर जळते. अनेक एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके अशा पोलादाचे असते की त्याला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबक चिकटला नाही म्हणून व्हॉल्व्ह नकली समजू नये. काही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम भरलेले असते. तसा व्हॉल्व्ह कापू किंवा फोडू नये, कारण सोडियम पाण्याच्या संपर्कात येताच पेटते.

स्प्रिंगची मोकळी लांबी नव्याशी ताडून पाहावी आणि ती काटकोनात उभी राहते का ते तपासावे. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टीने व फीलर गेजने पाहावा. वाकलेले हेड मशीनवर सपाट करता येते, पण जितके कमी खरवडता येईल तितके बरे, कारण जास्त धातू काढला की कॉम्प्रेशनचे प्रमाण वाढते आणि व्हॉल्व्ह व पिस्टन यांच्यातले अंतर घटते.

दुरुस्तीचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे, आणि तो चुकल्यामुळे फुकट गेलेली कामे पाहून मला नेहमी वाईट वाटते. आधी गाइड, मग सीट, शेवटी व्हॉल्व्ह. सीट कापणारे हत्यार गाइडमध्ये घातलेल्या दांडीच्या आधाराने फिरते. गाइड झिजलेले असेल तर हत्यार डुलते आणि सीट वाकडी कापली जाते. आणि सीट आधी कापून नंतर गाइड बदलले तर नव्या गाइडचा मध्य जुन्या सीटच्या मध्याशी जुळत नाही.

सीटचा मुख्य उतार बहुतेक इंजिनांत ४५ अंशांचा असतो. त्याच्या वर ३० आणि खाली ६० अंशांचे उतार देऊन टेकणारा पट्टा हव्या त्या रुंदीचा आणि व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मधोमध आणतात. एक्झॉस्टचा पट्टा इनलेटपेक्षा थोडा रुंद, साधारण दीड ते दोन मिलिमीटर ठेवतात, कारण त्याला उष्णता वाहून न्यायची असते. पट्टा फार रुंद केला तर दाब विखुरतो आणि कार्बन अडकतो, फार अरुंद केला तर उष्णता जात नाही. सीट कापल्याने व्हॉल्व्ह आत बसतो, त्याचा दांडा दुसऱ्या बाजूने तितकाच वर येतो आणि स्प्रिंग कमी दाबली जाते; म्हणून स्प्रिंगची बसवलेली उंची मोजून गरज असल्यास खाली चकती घालावी.

लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि सीट पेस्ट लावून एकमेकांवर घासणे, हे सगळ्यांच्या ओळखीचे काम, आणि म्हणूनच त्याच्याकडून नको तितकी अपेक्षा केली जाते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पेस्टचे बारीक ठिपके लावायचे, रबरी कप बसवलेली काठी दोन तळव्यांत धरून रवी घुसळावी तशी मागेपुढे फिरवायची, दर काही वेळाने व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा बसवायचा, आणि घर्रघर्र आवाज मऊ झाला की पुसून पाहायचे. दोन्हीकडे सलग, एकसारख्या रुंदीची राखाडी रेघ दिसली की थांबायचे. लॅपिंगने आधीच चांगली असलेली जोडी एकमेकांत मुरते. खोल खड्डे किंवा वाकडी सीट त्याने सुधारत नाही. खड्डा जाईपर्यंत घासत बसले तर व्हॉल्व्हच्या तोंडावर खाच पडते आणि तापल्यावर लांबीरुंदी बदलताच ती खाच सीटशी जुळेनाशी होते. पेस्टचा एकही कण हेडमध्ये राहता कामा नये, कारण तो ऑइलबरोबर थेट बेअरिंगपर्यंत जातो.

स्प्रिंगा बसवल्यावर हेड आडवे ठेवून पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वायूच्या वाटेत, रॉकेल ओतावे आणि काही मिनिटे व्हॉल्व्हच्या कडेने पाझर येतो का ते पाहावे. या चाचणीला पेट्रोल वापरू नये.

बिघाडाचे मूळ कारण शोधण्याचे काम मात्र जोडणीपूर्वीच उरकावे. व्हॉल्व्ह जळाला तो अंतर कमी होते म्हणून, की मिश्रण पातळ होते, की इग्निशन फार मागे होते, की गाइड झिजल्याने व्हॉल्व्ह दरवेळी वाकडा बसत होता? फक्त एक व्हॉल्व्ह जळाला असेल तर कारण बहुधा त्याच्याच अंतरात, गाइडमध्ये किंवा सीटमध्ये असते. सगळेच एक्झॉस्ट भाजलेले दिसत असतील तर कार्बोरेटर, इग्निशन आणि पाण्याची थंडाई तपासावी.

जोडताना दांड्याला ऑइल लावावे, गॅस्केट नवे घालावे, आणि बोल्ट मध्याकडून बाहेर, उत्पादकाने दिलेल्या टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळावेत. जे बोल्ट ताणून बसवण्याच्या प्रकारचे असतात ते पुन्हा वापरू नयेत. टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि कुठे अडल्यासारखे वाटले तर जोर न लावता खुणा पुन्हा पाहाव्यात. इंजिन सुरू होऊन पूर्ण तापले की चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून वहीत लिहावे. साधारण ८०० ते १,००० किलोमीटर चालल्यावर टॅपेटचे अंतर पुन्हा तपासावे, कारण नवी सीट आणि नवा व्हॉल्व्ह एकमेकांत बसताना ते थोडे कमी होते, आणि तो आकडाही जुन्या आकड्यांच्या खाली लिहून ठेवावा.